एचआयव्हीची गोळी घेणाऱ्याच्या जोडीदारालाही वाचवते! १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने हे कसं सिद्ध केलं?

नवरा एचआयव्हीबाधित, बायको नाही. किंवा उलट. अशा जोडप्यांना अनेक वर्षं एकच सल्ला मिळायचा: कंडोम वापरा आणि जपून राहा. औषधं होती, पण ती रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी. जोडीदाराला लागण होऊ नये म्हणूनही तीच औषधं उपयोगी पडतील, अशी शास्त्रज्ञांना शंका होती. ठोस पुरावा मात्र नव्हता.

तो पुरावा २०११ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचं नाव ‘एचपीटीएन ०५२’. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ‘सायन्स’ नियतकालिकाने त्याला वर्षातली सर्वांत मोठी वैज्ञानिक झेप ठरवलं.

अभ्यास नेमका काय होता?

भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, थायलंडसह ९ देशांतली १,७६३ जोडपी यात सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित होता, दुसरा नाही. भारतातली केंद्रं होती पुणे आणि चेन्नईत.

एचआयव्ही शरीराच्या संरक्षक पेशींवर, म्हणजे सीडी-४ पेशींवर हल्ला करतो. त्या काळी बहुतेक ठिकाणी या पेशी बऱ्याच कमी झाल्यावरच औषधं सुरू होत. अभ्यासातल्या बाधितांची सीडी-४ संख्या ३५० ते ५५० होती, म्हणजे त्यांची तब्येत तशी बरी होती.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला लगेच औषधं दिली. दुसऱ्या गटाला सीडी-४ २५० पर्यंत घसरल्यावर किंवा एड्सशी संबंधित आजार दिसल्यावर. कंडोम, समुपदेशन आणि नियमित तपासणी मात्र दोन्ही गटांना होती.

निकाल काय लागला?

एकूण ३९ जोडीदारांना लागण झाली. पण ती घरातूनच झाली की बाहेरून? हे ठरवण्यासाठी दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना जुळवून पाहिली गेली. २८ जणांचा विषाणू जोडीदाराकडूनच आल्याचं दिसलं. त्यांपैकी २७ जण उशिरा औषध मिळालेल्या गटातले होते. लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त १.

म्हणजे लागण ९६ टक्क्यांनी कमी! फरक इतका स्पष्ट होता, की स्वतंत्र देखरेख समितीने निकाल ठरल्या वेळेआधीच जाहीर करायला सांगितलं. नंतर दुसऱ्या गटालाही औषधं देण्यात आली. २०१६ च्या अंतिम निकालात हा आकडा ९३ टक्के राहिला.

मग उरलेल्यांना लागण का झाली?

खरी गोम इथेच आहे. औषध सुरू असतानाही ८ जोडीदारांना लागण झाली होती. पण ती एक तर औषध नुकतंच सुरू झालेलं असताना, किंवा औषध लागू पडेनासं झालं तेव्हा. ज्यांच्या रक्तातला विषाणू औषधांनी कायम दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही.

कारण साधं आहे. औषधं विषाणूला वाढू देत नाहीत. रक्तातलं त्याचं प्रमाण, म्हणजे ‘व्हायरल लोड’, चाचणीत सापडणार नाही इतकं खाली येतं. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासांतही हेच दिसलं. यातूनच ‘यू इक्वल्स यू’ ही घोषणा आली: विषाणू चाचणीत सापडत नसेल, तर तो लैंगिक संबंधातून पसरत नाही.

भारतात काय बदललं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सीडी-४ कितीही असो, प्रत्येक बाधिताला उपचार द्या, असं सांगितलं. भारताने २०१७ मध्ये हेच धोरण स्वीकारलं. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात.

हे लक्षात ठेवा

- गोळ्या सुरू केल्या म्हणजे लगेच धोका संपला असं नाही. विषाणू दबायला साधारण सहा महिने लागू शकतात. तो दबला की नाही, हे व्हायरल लोड चाचणीच सांगते.
- विषाणू दबतो, शरीरातून जात नाही. गोळ्या सोडल्या की तो पुन्हा वाढतो.
- सिफिलिस, गनोरियासारख्या इतर आजारांपासून या गोळ्या वाचवत नाहीत. त्यासाठी कंडोम हवाच.
- ‘पसरत नाही’ हा नियम लैंगिक संबंधांपुरता आहे. स्तनपान किंवा एकमेकांच्या सुया वापरणं याला तो तसाच लागू होत नाही.

एचआयव्हीबाधिताने लग्न करू नये, संसार करू नये, असे मेसेज आजही फिरतात. नियमित औषधं घेणारी अनेक जोडपी आज निरोगी मुलांसह संसार करत आहेत. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. आणि तपासणी जितकी लवकर, तितके उपचार लवकर. रुग्णासाठीही आणि जोडीदारासाठीही.