नाव डीजेचे, शब्द पाहुण्यांचे

हिप-हॉप डीजेचा स्टुडिओ अल्बम हा ध्वनिमुद्रित संगीतातला जरा विचित्रच प्रकार आहे. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आणि छायाचित्र, तो बहुधा गात नाही आणि रॅपही करत नाही. शब्द पाहुण्यांचे असतात. पंधरा-वीस रॅपर, क्वचित त्याहून अधिक, येतात आणि आपापले कडवे म्हणून जातात. बीट बनवायचा किंवा निवडायचा, त्यावर कोणाला बोलवायचे, कोणी आधी म्हणायचे, कोणी शेवटी, कोणाचे कडवे अर्ध्यावर कापायचे हे ठरवणे आणि एवढ्या आवाजांचा मिळून एकच अल्बम वाटेल असे पाहणे, हे डीजेचे काम.

सोलापुरात डीजे म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतली गाडी. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्रातल्या शक्तिदेवीच्या मिरवणुका. बेस आणि टॉप स्पीकरची रचलेली भिंत, मागे जनरेटर, आणि लॅपटॉपपुढे उभा एक तरुण. अल्बम काढणारा डीजे आणि हा तरुण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे वाटते. पण दोघांचा पूर्वज एकच आहे.

तो पूर्वज जमैकातला. किंग्स्टनच्या गल्ल्यांमध्ये मोठमोठे स्पीकर रचून नाच भरवणाऱ्या फिरत्या ‘साउंड सिस्टीम’ होत्या, आणि कोणाचा आवाज भारी यावरून त्यांच्यात चुरस चाले. तिथे जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल लहानपणीच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला आणि डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जाऊ लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. हिप-हॉपचा जन्म याच तारखेला झाला असे मानले जाते. गाण्यातला शब्द थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर लोक सर्वाधिक नाचतात हे हर्कच्या लक्षात आले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तोच तुकडा आलटूनपालटून वाजवत राही. माइकवर बोलणारा तेव्हा डीजेचा साथीदार होता. लोकांना नाचत ठेवायचे आणि डीजेचे नाव पुकारायचे, हे त्याचे काम.

रॅपच्या तबकड्या निघू लागल्या आणि हा क्रम उलटला. १९७९ मध्ये गाजलेल्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये डीजे नव्हताच, ताल वादकांनी वाजवला आणि नाव झाले रॅपरांचे. ग्रँडमास्टर फ्लॅशने १९८१ मध्ये शिक, क्वीन आणि ब्लाँडी यांच्या तबकड्या एकमेकींत गुंफून सुमारे सात मिनिटांची एक रचना काढली आणि टर्नटेबल हेही वाद्य असल्याचे दाखवून दिले. बाजार मात्र शब्दांच्या बाजूने गेला होता. डीजेला मुखपृष्ठावर परत यायचे तर शब्दवाल्यांना आपल्या छपराखाली बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मार्ली मार्ल या न्यूयॉर्कच्या रेडिओ डीजेने १९८८ मध्ये तेच केले. ‘इन कंट्रोल, व्हॉल्यूम वन’ हा त्याचा अल्बम या प्रकाराचा पाया मानावा लागेल. त्यातल्या ‘द सिम्फनी’ या गाण्यात मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप आणि बिग डॅडी केन एकामागून एक येतात. ध्रुवपद असे नाहीच. ओटिस रेडिंगच्या एका गाण्यातून उचललेला पियानो आणि चौघांची चढाओढ. नवखा मास्टा एस पहिला, नावाजलेला केन शेवटचा. शेवटचे कडवे हा मानाचा पाट, हा दंडक आजही पाळला जातो. जेवढे पाहुणे अधिक तेवढा यजमान मोठा, या हिशेबाने पुढे डीजे के स्लेने एकाच गाण्यात ११० रॅपर बसवले. असे गाणे ऐकायला कमी आणि मोजायला अधिक असते, ही गोष्ट वेगळी.

मधल्या काळात डीजेचे खरे चलन मिक्सटेप हे होते. नवी, न प्रकाशित झालेली गाणी आणि ताजी कडवी एकत्र करून कॅसेट, पुढे सीडी काढायची आणि दुकानांत, रस्त्यांवर विकायची. हक्कांचा विचार कोणी करत नसे. रेकॉर्ड कंपन्याही आपल्या नव्या रॅपरचे नाव व्हावे म्हणून अशा डीजेंना गाणी पुरवत. तरी १६ जानेवारी २००७ रोजी अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर पोलिसांनी छापा घातला, त्याला अटक केली आणि सुमारे ८१ हजार सीडी जप्त केल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा ‘गँगस्टा ग्रिल्झ : द अल्बम’ मोठ्या कंपनीमार्फत रीतसर बाजारात आला. रॅपर तसेच, आरडाओरडही तशीच. फक्त करार झालेले.

मिक्सटेपने डीजेला एक सवय लावली, ती म्हणजे गाण्याच्या मधेच आपले नाव पुकारण्याची. दुसऱ्याने तीच टेप स्वतःची म्हणून विकू नये यासाठीची ती खूण होती. मिरवणुकीत वाजणाऱ्या मराठी रिमिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला डीजेचे नाव आणि गावाचे नाव घुमते, त्यामागचे कारण हेच. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जाणाऱ्या ट्रॅकला दुसरे कुलूप नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापूरच्या राम जोशींसारखे शाहीर लावणीच्या शेवटी कवीची छाप घालत, ती छापही रचना फडाफडांतून फिरताना कर्ता हरवू नये म्हणूनच उपयोगी पडे. या शहराला एकाच तालावर एकमेकांना उत्तरे देणाऱ्या कवींचेही नावीन्य नाही. कलगी-तुऱ्याचे फड सवाल-जवाबावरच उभे होते.

नाव पुकारण्याला धंद्याचे रूप दिले ते डीजे खालेदने. पॅलेस्टिनी आईवडिलांच्या पोटी १९७५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला हा माणूस मायामीच्या रेडिओवर नावारूपाला आला. २००६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि मग जवळजवळ दरवर्षी एक येत राहिला. ‘ऑल आय डू इज विन’ या २०१० च्या गाण्यात टी-पेन, लुडाक्रिस, रिक रॉस आणि स्नूप डॉग आहेत. खालेद फक्त ओरडतो. ‘मेजर की’ हा अल्बम २०१६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. २०१९ मध्ये ‘फादर ऑफ असाद’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला, तेव्हा एनर्जी ड्रिंकसोबत जोडून विकलेल्या प्रती मोजायच्या की नाहीत यावरून मोठा वाद झाला. हा माणूस नेमके करतो काय, ही थट्टा त्याच्या पाठीस कायमची लागली आहे. थट्टा रास्त आहे, पण अर्धवट. जे रॅपर एरवी एका खोलीत येणार नाहीत, ज्यांच्या कंपन्या वेगळ्या, मानधने वेगळी, रुसवेफुगवे वेगळे, त्यांच्याकडून ठरल्या दिवसापर्यंत कडवी मिळवणे हेही काम आहे आणि ते फार थोड्यांना जमते.

स्टुडिओत हे काम कसे चालते? आधी बीट. तो रॅपरला पाठवला जातो. आजकाल दोघांनी भेटण्याचीही गरज उरलेली नाही. रॅपर साधारणपणे सोळा मात्राखंडांचे कडवे लिहितो, आपल्या ठिकाणी ध्वनिमुद्रित करतो आणि नुसत्या आवाजाची फाइल परत धाडतो. मग खरी कसोटी लागते. एकाने महागड्या माइकपुढे म्हटलेले असते, दुसऱ्याने घरात गादी भिंतीला टेकवून. एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चिरका. ते सगळे एकाच जागेत उभे आहेत असे वाटावे म्हणून मिक्सिंग. गाण्यागणिक आवाजाची पातळी खालीवर होऊ नये म्हणून मास्टरिंग. क्रम लावणे हा त्याहून नाजूक भाग. दोन सारख्या ढंगाचे रॅपर पाठोपाठ आले की दुसरा फिका पडतो.

भारतात या साच्यातला अस्सल अल्बम शोधावा तर हाताला थोडेच लागते. न्यूक्लिया म्हणजे उद्यान सागर याने रस्त्यावरच्या मिरवणुकीचा दणका नृत्यसंगीतात आणला आणि २०१५ च्या ‘बास रानी’त वेगवेगळे गायक व मुंबईचा रॅपर डिव्हाइन यांना बोलावले. प्रकाराच्या आत्म्याला अधिक जवळचा ठरला तो मात्र एका चित्रपटाचा अल्बम : २०१९ चा ‘गली बॉय’. अठरा तुकड्यांच्या या अल्बमची बांधणी संगीत पर्यवेक्षक अंकुर तिवारी यांनी केली. त्यातल्या ‘इंडिया ९१’मध्ये मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी कर्नाटक संगीतातील तालबोलांवर एमसी मवाली, एमसी तोडफोड, अमरावतीचा १०० आरबीएच, एमसी अल्ताफ आदींना एकत्र आणले, आणि एका ठेक्यावर मराठी, गुजरातीसह अनेक भाषा नांदल्या. यातला तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२ च्या मार्चमध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. पुढे २०२४ मध्ये क्रेटेक्स या मराठी डीजेने श्रेयस सागवेकरसोबत केलेले ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. तो हाउस संगीताचा प्रकार आहे, शिवाय पाहुणा एकच. तरीही मराठी शब्द आणि डीजेचे नाव शेजारी छापले जाऊ शकते, एवढे त्यातून दिसले.

सोलापुरात असा अल्बम करायचा म्हटले तर सामग्री भरपूर आहे, अडचणही एक आहे. सामग्री भाषांची : मराठी, पूर्व भागातल्या विणकर वस्तीची तेलुगू, लिंगायत घरांतली कन्नड, आणि दखनी वळणाची उर्दू. चार भाषांचे चार पाहुणे आणायला गावाबाहेर जावे लागणार नाही. अडचण तालाची. इथल्या मिरवणुकीच्या ट्रॅकमध्ये हलगीचा ठेका असतो, आणि तो बहुधा तिनाच्या झोकात चालतो. ‘साउंड चेक’ किंवा ‘कॉम्पिटिशन’ म्हणून फिरणारे ट्रॅक तर समोरच्या गाडीचा आवाज दाबण्यासाठीच बनलेले. त्यात शब्दाला जागाच नसते. रॅपचे रूढ कडवे चार मात्रांच्या चौकटीवर बेतलेले. ते हलगीवर जसेच्या तसे ठेवले की घसरते. प्रत्येक मात्रेत तीन अक्षरे बसवून लिहिले तर पकडते. तालबोल शिकलेला माणूस हे सहज करतो, आणि ‘इंडिया ९१’चे यश बरेचसे तिथेच आहे. आणखी एक फरक : मिरवणुकीचा ट्रॅक खालच्या आवाजांवर, छातीत बसणाऱ्या बेसवर तोललेला असतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो पोकळ लागतो, आणि अल्बम ऐकला जातो तो मोबाइलवरच.

राहिला हक्कांचा भाग. गाजलेल्या गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण उचलून केलेल्या रिमिक्सला मालक कंपनीची परवानगी लागते. म्हणूनच असे ट्रॅक यूट्यूबवर चढतात आणि उतरतात. स्वतःच्या बीटवर पाहुण्यांचे नवे शब्द घेतले की हा प्रश्न मिटतो आणि दुसरा उभा राहतो, वाटणीचा. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. स्वतःचे कडवे लिहिणारा रॅपर हा त्या कडव्याचा लेखक, त्यामुळे एकरकमी मानधन घेतले तरी त्याचा हा हक्क उरतो. अशी रॉयल्टी गोळा करण्याचे काम मुंबईची आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था करते, मात्र तिचे सभासद व्हावे लागते. बीट बनवणारा डीजे संगीतकार म्हणून वाट्याला पात्र होतो. आणि ज्याने बीटही बनवला नाही, शब्दही लिहिले नाहीत, फक्त माणसे जमवली आणि अल्बम तडीस नेला, त्याचे काय? ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा याच निर्मात्याला ओळखतो.