कमिशनच्या हिशेबात चूक आमचीच

बोटवाल्या बंधूंनो, गेल्या महिन्यात काही बोटींचं कमिशन जास्त कापलं गेलं. एक्सेलमध्ये एकाच सूत्रात तीन अटी होत्या. माल ५०० किलो किंवा जास्त असेल तर ३ टक्के, २०० किंवा जास्त असेल तर ४, नाहीतर ५. आम्ही २०० ची अट आधी लिहिली. 'इफ' क्रमानं बघतं, पहिली जुळली की तिथंच थांबतं. म्हणून ६०० किलो बांगड्यालाही ४ टक्के लागले. ६०,००० च्या विक्रीत ६०० रुपये जादा गेले. आता ५०० ची अट आधी घातलीय. १९९, २००, ४९९, ५०० टाकून तपासलंय. जादा कापलेले पैसे पुढच्या बिलात जमा करतो. पावत्या घेऊन या, समोर बसून ताडून बघूया.