कराचा अतिरेक, चोराचे फावते

एखादी वस्तू कायदेशीर ठरविली म्हणजे तिचा चोरटा व्यापार आपोआप आटोपतो, हा समज किती भाबडा आहे, याचा धडा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घालून दिला आहे. नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमताने तेथे प्रौढांना गांजा मोकळा झाला. १ जानेवारी २०१८ पासून परवान्याची दुकाने उघडली. परंतु त्याच दिवसापासून १५ टक्के अबकारी, पिकावर वजनी कर आणि वर विक्रीकर लागला; अनेक नगरपालिकांनी आपला वाटा निराळा मागितला, तर कित्येकांनी दुकानेच नाकारली. मालाचा भाव उतरला तरी वजनी कर उतरेना. प्रामाणिक दुकानदार वाकला. ना परवाना, ना तपासणी, अशा विक्रेत्याचे मात्र फावले. अखेर १ जुलै २०२२ रोजी पिकावरील कर रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये १९ टक्क्यांवर नेलेली अबकारी ऑक्टोबरात पुन्हा १५ टक्क्यांवर आणावी लागली.

यात नवल ते काय? १८९४ साली हिंदुस्थानातील भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या आयोगानेही बंदीऐवजी परवाना व कर सुचविताना, चोरट्या व्यवहारास उत्तेजन मिळेल इतका कर नसावा, अशीच मर्यादा घातली होती.

गांजा निरुपद्रवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. व्यसनास आळा घालण्यासाठी कर हवाच. पण गिऱ्हाइकास तपासलेल्या मालाकडून बिनतपासणीच्या मालाकडे ढकलणारा कर ना आरोग्य राखतो, ना कायद्याची प्रतिष्ठा. कर कोठवर चढवावा, याचा निवाडा शेवटी चोरबाजाराचा भाव करतो. राज्यकर्त्यांनी तो आधीच पाहावा, यात शहाणपण आहे.