चौथा माणूस कोणी मोजला?

देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८ आणि गोव्यात २६.४! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे हे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातील चार प्रौढांमागे एक मधुमेही, असा त्यांचा अर्थ. त्यावर उद्या कोणी योजना आखू लागला, तर हा चौथा माणूस कोणी व कसा मोजला, हे त्याने आधी विचारावे.

‘इंडियाब’ने वीस वर्षांवरील माणसे घेतली, रक्त उपाशीपोटी व ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासले, आणि हे काम २००८ ते २०२० असे टप्प्याटप्प्याने चालले. सगळी राज्ये एकाच वर्षी मोजली गेली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मात्र पंधरा वर्षांपासूनची माणसे घेते, भेटेल त्या वेळी बोटातून थेंब काढते. मग तो माणूस नुकताच जेवलेला का असेना. दोन्ही आपापल्या जागी योग्य. परंतु एकाने बांगडे नगावर मोजावेत, दुसऱ्याने वाट्यावर, आणि तिसऱ्याने दोहोंची सरासरी काढावी, तशातला प्रकार होऊ नये.

याकरिताच पद्धतशीर आढाव्याची शिस्त आहे. रोगाची व्याख्या, वयोगट व स्वीकारावयाची चाचणी आधीच लिहून ठेवायची. सोयीचे नव्हे, सगळे अभ्यास शोधायचे. दोघांनी ते स्वतंत्रपणे पारखायचे. रुग्णालयाच्या ओळीत उभ्या असलेल्यांवरून गावाचे प्रमाण ठरत नाही. घरोघर पाहणी झाली तरी दुपारी दारात भेटतात ते वृद्ध आणि गृहिणी. ट्रॉलरवर गेलेला किंवा आखातात नोकरीस असलेला कागदावर येतच नाही. नकार किती जणांनी दिला, हेही क्वचितच छापले जाते. अभ्यास परस्परांशी जुळत नसतील, तर त्यांची बेरीज न करणे हाच प्रामाणिकपणा होय.

गोव्यात वृद्धांचे प्रमाण अधिक, उत्तर प्रदेश तरुण. तुलना करताना हे वजा केलेच पाहिजे. तथापि एकट्या वयाने पाचपटीहून मोठी दरी पडत नाही, तेव्हा आकडा सदोष म्हणून हात झटकण्याचीही सोय नाही.

आरोग्य खात्याने गोव्यावरील सर्व अभ्यासांचा असा आढावा तज्ज्ञांकडून करवून घ्यावा. त्यात प्रत्येक आकड्याशेजारी वय, चाचणी, वर्ष आणि तपासणीपूर्वी आपला आजार ठाऊक नसलेल्यांची संख्या छापावी. औषधांची खरेदी पहिल्या तीन रकान्यांवरून होईल. चौथ्यातील माणसे औषध मागायला येणारच नाहीत, त्यांच्यासाठी तपासणी पथके वाड्यावाड्यांवर पाठवावी लागतील.