मनाच्या आजाराला नाव कोण देतं?

दोस्तांनो, ताप आला की डॉक्टरकाका काय करतात? थर्मामीटर लावतात, घसा बघतात आणि ताप उतरेना तर रक्त तपासायला सांगतात. मलेरिया असेल तर त्याचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतात. हाड मोडलं असेल तर एक्स-रेमध्ये दिसतं. मुंबईतले डॉक्टर असोत की मॉस्कोतले, तो एक्स-रे बघून दोघंही तेच सांगणार!

पण आजार मनाचा असला तर? उदासपणा मोजायला थर्मामीटर नाही. भीतीचा एक्स-रे काढता येत नाही. मग मनोविकारतज्ज्ञ आजार ओळखतात तरी कसा? आणि दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला दोन वेगळी नावं दिली तर खरं कुणाचं मानायचं?

हा प्रश्न एकदा खरोखरच उभा राहिला होता. तोही जगातल्या दोन मोठ्या शहरांत.

न्यूयॉर्क आणि लंडन

१९६० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मनोरुग्णालयांचे आकडे काही लोकांनी शेजारी शेजारी मांडून पाहिले आणि ते चक्रावलेच. अमेरिकेत छिन्नमनस्कतेचे रुग्ण भरमसाट, तर ब्रिटनमध्ये नैराश्याचे आणि उन्मादाचे जास्त.

आता हे शब्द काय आहेत ते आधी बघू. छिन्नमनस्कतेत माणसाला नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात, कुणीतरी आपल्या वाइटावर आहे असं ठामपणे वाटू शकतं. नैराश्यात मन खोल बुडून जातं. उन्मादात नेमकं उलटं होतं. झोप नको, थकवा नाही, बोलणं थांबत नाही, आणि आपण काहीही करू शकतो असं वाटू लागतं.

मग हा फरक कशामुळे? हवापाण्यामुळे? धकाधकीमुळे? दोन्ही देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून याचा छडा लावायचं ठरवलं. न्यूयॉर्कमधल्या एका आणि लंडनजवळच्या एका रुग्णालयात नव्याने दाखल झालेले अडीचशे अडीचशे रुग्ण त्यांनी घेतले. सगळ्यांना ठरलेल्या यादीतले तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं विचारले. आणि काय गंमत! दोन शहरांतला तो मोठा फरक बराचसा नाहीसाच झाला! रुग्ण साधारण सारखेच होते. वेगळी होती ती नावं देण्याची रीत.

आणखी एक प्रयोग झाला. रुग्णांच्या मुलाखतींच्या फिती दोन्ही देशांतल्या डॉक्टरांना दाखवल्या. एका रुग्णाची फीत पाहून अमेरिकेतल्या शंभरातल्या ६९ डॉक्टरांनी सांगितलं, "छिन्नमनस्कता!" ब्रिटनमध्ये तसं म्हणणारे शंभरात फक्त दोन निघाले. माणूस तोच, बोलणं तेच!

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? अहो, नावावर औषध ठरतं! उन्मादावर लिथियम गुणकारी ठरतं, हे ऑस्ट्रेलियातले डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं होतं. पण उन्मादाच्या रुग्णावर दुसऱ्याच आजाराचा शिक्का बसला, तर हे औषध त्याच्यापर्यंत पोचणार कसं?

दोन जाडजूड पुस्तकं

आजारांची वर्गवारी लावायचा खटाटोप त्याही आधीपासून चालू होता. जर्मनीत एमिल क्रेपेलिन नावाचे डॉक्टर होते. ते प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड भरत. आजार कसा सुरू झाला, पुढे कसा गेला, शेवटी माणूस बरा झाला की नाही, सगळं त्यात लिहून ठेवत. एका लक्षणावर विसंबायचं नाही, आजाराची पूर्ण कहाणी पाहायची, ही त्यांची शिकवण. १८९९ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात मोठ्या मनोविकारांचे दोन मुख्य गट वेगळे करून दाखवले.

आज जगभर मुख्यतः दोन पुस्तकं वापरली जातात. पहिलं जागतिक आरोग्य संघटनेचं. त्याला आय.सी.डी. म्हणतात. त्यात शरीराचे आणि मनाचे, सगळेच आजार असतात. त्याचं मूळ १८९३ सालच्या मृत्यूच्या कारणांच्या एका यादीत आहे. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती ठरली, तेव्हा त्यात मनोविकारांना पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. सध्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

दुसरं पुस्तक अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं, डी.एस.एम. ते १९५२ मध्ये निघालं. १९६८ ची दुसरी आवृत्ती जेमतेम १३४ पानांची होती. १९८० मध्ये डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकारानं तिसरी आली, ती जवळजवळ पाचशे पानांची! पानं का वाढली? कारण आता प्रत्येक आजारासमोर स्पष्ट यादी आली. कोणती लक्षणं, किमान किती आणि किती दिवस. हेतू हा, की न्यूयॉर्क-लंडनसारखा घोटाळा पुन्हा होऊ नये.

मोबाइलचं 'वेड' आजार केव्हा?

एक उदाहरण तुमच्या अगदी जवळचं घेऊ. सुट्टीत दिवसभर मोबाइलवर गेम खेळलात की आई म्हणते, "वेड लागलंय या पोराला!" आय.सी.डी.च्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार खरंच आहे बरं का! पण थांबा, आईबाबा लोकहो, लगेच मान डोलवू नका. पुस्तक काय म्हणतं पाहा. खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा. खेळ हा जेवणखाण, अभ्यास, मित्र या सगळ्यांच्या वर जाऊन बसलेला हवा. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच किंवा वाढत चाललेलं हवं. त्यामुळे घरातलं किंवा शाळेतलं जगणं खरोखर विस्कटलेलं हवं. आणि हे सगळं साधारण बारा महिने चाललेलं हवं. सुट्टीतल्या चार दिवसांना आजार म्हणत नाहीत!

नैराश्याचंही तसंच. पेपर अवघड गेला, मैत्रीण बोलेनाशी झाली, तर वाईट वाटणारच. डी.एस.एम.मध्ये नैराश्याची नऊ लक्षणं दिली आहेत. मन सतत उदास असणं, कशातच गोडी न वाटणं, झोप बिघडणं, भूक बदलणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, वगैरे. त्यातली किमान पाच, तीही दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. पहिल्या दोनपैकी एक तर हवंच. मुलांमध्ये उदासपणाऐवजी नुसती चिडचिडही दिसू शकते, हे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

मग यादीवर खुणा केल्या की झालं निदान? छे! डॉक्टर निवांत बोलतात, घरच्यांना विचारतात, शाळेत कसं चाललंय ते बघतात. घरात कुणी गेलं आहे का, कुणी त्रास देतंय का, हेही विचारतात. कधी रक्तही तपासतात, कारण थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी माणूस थकलेला, उदास दिसतो. म्हणूनच मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी सोडवून "मला अमुक आजार आहे" असं ठरवून टाकायचं नसतं.

नाव हत्यार होतं तेव्हा

आता एक चीड आणणारी हकिकत. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हाची. मळ्यांवर राबणारे काळे गुलाम संधी मिळताच पळून जात. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या एका डॉक्टरनं जाहीर केलं, की हे पळून जाणं म्हणजे मनाचा आजार आहे! त्यानं त्याला 'ड्रेपटोमेनिया' असं भारदस्त नावही दिलं. स्वातंत्र्य हवंसं वाटणं हा म्हणे रोग! आणि माणसांना विकत घेणारे मात्र ठणठणीत!

असं पुन्हा घडू नये म्हणून सावध राहावं लागतं. आपल्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे स्पष्टच लिहिलं आहे. आजार आहे की नाही, ते मान्यताप्राप्त वैद्यकीय कसोट्यांवरच ठरवायचं. त्या माणसाचा धर्म, जात-जमात, गरिबी-श्रीमंती, राजकीय मत यांवरून ठरवायचं नाही. त्याचं वागणं समाजाच्या रीतीत बसत नाही, एवढ्यावरूनही नाही. आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते, म्हणून आजही तो आजारीच, असंही म्हणायचं नाही.

पुस्तकंही बदलत राहतात. २०१३ मध्ये डी.एस.एम.नं 'अस्पर्जर' हे वेगळं नाव काढून टाकलं आणि ती मुलं स्वमग्नतेच्या मोठ्या छत्रीखाली घेतली. मुलं होती तशीच राहिली, समज वाढली.

आता तुमचा वाटा

वर्गात सहज "मेंटल आहेस का?" म्हटलं जातं. ते निदान करायला तुम्ही कोणत्या यादीतून किती लक्षणं मोजली, सांगा बरं! ज्याला खरंच त्रास असतो, तो असं ऐकून आणखी गप्प होतो आणि डॉक्टरांकडे जायचं टाळतो. आपल्याकडे मलेरिया झालेल्याला कुणी 'मलेऱ्या' म्हणत नाही. मग ज्याच्या मनाला दुखतंय, त्याला का नावं ठेवायची?

तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला दोन आठवड्यांहून जास्त असं काही वाटत असेल, तर आई-बाबा, आजी, ताई, वर्गशिक्षक, जे जवळचे वाटतील त्यांना सांगा. आणि जगणंच नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. लगेच मोठ्यांना सांगा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

पालकहो, मूल असं काही सांगू लागलं, तर "काही नाही रे, नाटकं आहेत" म्हणून उडवून लावू नका. आजाराचं नाव शोधण्याचं काम डॉक्टरांचं. पण डॉक्टर काय, ऐकूनच तर सुरुवात करतात. तेवढं ऐकणं घरातही जमू शकतं.