लांडगा, राजा आणि कुपी
(किमयागारांची चित्रभाषा : लेखांक ५)

मिखाएल मायर हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी राहिलेला जर्मन वैद्य. त्याच्या ‘अटलांटा फुगिएन्स’ या १६१७च्या ग्रंथात पन्नास कोरीव चित्रं आहेत आणि प्रत्येकासोबत गायची एक चालही. त्यातलं चोविसावं चित्र पाहा. मेलेला राजा जमिनीवर पडलाय, लांडगा त्याचे लचके तोडतोय. मागे तोच लांडगा आगीत जळतोय आणि राजा धडधाकट चालत निघालाय.

कार्ल युंगने १९४४च्या आपल्या ग्रंथात किमयेच्या चित्रांमध्ये माणसाच्या नेणिवेचा प्रवास पाहिला. वाचायला मोठं सुरेख आहे ते. पण लॉरेन्स प्रिन्सिपे आणि विल्यम न्यूमन या अमेरिकी इतिहासकारांनी जुन्या कृती प्रयोगशाळेत खरोखर करून पाहिल्या, आणि बऱ्याच चित्रांतलं गूढ उतरलं. राजा म्हणजे सोनं. लांडगा म्हणजे अँटिमनीचं करडं खनिज. हिणकस सोनं त्याच्यासोबत वितळवलं की खनिजातला गंधक तांब्यासारख्या भेसळीला धरतो आणि सोनं अँटिमनीत मिसळून तळाशी बसतं. मग आच वाढवली की अँटिमनी धूर होऊन उडतो, शुद्ध सोनं मागे राहतं. म्हणजे सोनं शुद्ध करायची कृतीच ही, धंद्याचं गुपित राखण्यासाठी चित्रात दडवलेली.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये.  १८७२ साली पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. रसौषधींसाठी हे नाव आजही घेतलं जातं. रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करायच्या आपल्या शास्त्रात, पारा हे शंकराचं वीर्य आणि गंधक हे पार्वतीचं रज. युरोपात तीच जोडी, भूमिका उलटून, तांबडा राजा आणि पांढरी राणी होऊन भेटते. कुणी कुणाकडून घेतलं, या वादात मी पडत नाही.

मकरध्वज या रसौषधीची कृती बघा. सोन्याचे वर्ख पाऱ्यात घोटायचे, गंधक घालून पुन्हा खल करायचा. काजळासारखी कज्जली होते. ती कापडमाती केलेल्या काचेच्या कुपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या हंडीत, मंद, मध्यम, तीव्र अशा आचेवर तापवायची. कुपीच्या गळ्याशी लाल थर जमतो. युरोपातले किमयागारही आपल्या चित्रांत काळ्या कावळ्यापासून निघून लाल राजापर्यंत पोचतात. मधला पांढरा हंस मात्र आपल्याकडे बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये.

गंमत अशी, की मकरध्वजातलं सोनं बहुतेक कुपीच्या तळाशीच राहतं. गळ्याशी जमतं ते पारा-गंधकाचं संयुग.

हे वाचून घरी पारा तापवू नका, त्याची वाफ विषारी असते. पुढच्या आठवड्यात न्यूटनच्या किमयेच्या वह्या उघडू.