संमतिवयाचा कायदा, १८९१

शरीरसंबंधास मुलीने दिलेली संमती कायद्याने ग्राह्य धरण्याचे किमान वय १० वरून १२ वर्षांवर नेणारा ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा. ही मर्यादा विवाहितेसही लागू होती व वादाचे मूळ त्यातच होते. कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी पतीच्या समागमाने झालेल्या इजेमुळे मरण पावली. तिने दहावे वर्ष ओलांडले असल्याने पतीस बलात्काराबद्दल शिक्षा देता आली नाही. अन्य कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी तेवढी झाली. सर अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये विधेयक मांडले.

प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधानसंस्कार करणे ही शास्त्राज्ञा असून कायद्यामुळे ती मोडावी लागेल, असा सनातन्यांचा आक्षेप होता. तो संस्कार त्याच वेळी केला पाहिजे असे नाही, हे रा. गो. भांडारकर यांनी धर्मग्रंथांच्याच आधारे दाखविले. दुसरा आक्षेप घटनात्मक स्वरूपाचा होता. धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात होते. शिवाय परकीय सरकारने समाजसुधारणेचे कायदे करूच नयेत, यावर लोकमान्य टिळकांचा भर होता. मुलींचे विवाह १६ वर्षांपर्यंत न करण्याचे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनी सुचविले. ही सूचना सुसंगत खरी. परंतु जे असे बंधन स्वीकारणार नाहीत त्यांच्या घरातील मुलीस तिचा काहीच उपयोग नव्हता.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले. पतीविरुद्धची फिर्याद केवळ जिल्हा किंवा मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्यासच दाखल करून घेता येई. साहजिकच फिर्यादी थोड्या झाल्या. विवाहितेच्या बाबतीत ही मर्यादा १९२५ मध्ये १३, १९४९ मध्ये १५ आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाने १८ वर्षे झाली.